उरलेली पंधरा

डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईत उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, केक-बिस्किटांच्या पाकिटांत दडवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले. विमानतळावर अकराही साप चोरटा माल ठरले आणि जप्त झाले. पण ते निसटून बाहेर पडले असते, तर पुढे कायद्याने त्यांच्यात भेद केला असता. बॉल पायथन ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. त्यामुळे वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि फेब्रुवारी २०२४ चे नियम त्याला लागू होतात: ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करायची, पिल्लं झाली तर कळवायचं. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागात तो मुबलक आहे, मग असेल कशाला? पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीच्या एखाद्या टू-बीएचकेत कुणी त्याची जोडी लावली असं धरून चालू. ती अंडी या नोंदवहीत कुठेच येणार नाहीत. सोसायटीमागच्या नाल्यातली धामण धरून त्याच काचपेटीत ठेवली, तर मात्र गुन्हा.

या छंदाची मोहिनी मला कळते. नॉर्थ कॅरोलिनात १९५३ साली काळ्या रंगाचा लवलेश नसलेला, नारिंगी-लाल कॉर्न स्नेक सापडला. बर्नार्ड बेक्टेल नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने ते वाण पुढे वाढवलं, आणि १९६१ मध्ये बंदिवासात तसंच पिल्लू जन्माला आलं. पाळणारे त्याला ‘अ‍ॅमेल’ म्हणतात. काळा रंगच का बनत नाही, याचं कारण २०१५ मध्ये जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी शोधलं: ‘ओसीए-२’ या जनुकात मध्येच घुसून बसलेला डीएनएचा एक उपरा तुकडा. लाल रंग नसलेले ते ‘अ‍ॅनरी’. दोन्ही दोष एकाच सापात एकवटले की जवळजवळ पांढरा ‘स्नो’ मिळतो. दहावीच्या पुस्तकात वाटाण्यांवर पाठ केलेला मेंडेल इथे डोळ्यांसमोर सळसळतो. मुलांना आनुवंशिकता शिकवायला याहून सुंदर साधन मला तरी सुचत नाही.

अडचण आहे ती हिशेबात. दिसायला साधे, पण दोन्ही गुण पोटात बाळगणारे नर-मादी घेतले, तर सरासरी १६ पिल्लांत ९ साधी, ३ अ‍ॅमेल, ३ अ‍ॅनरी आणि १ स्नो. मादी एका वेळी साधारण १० ते ३० अंडी घालते. ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये ती दोनेक महिने उबवावी लागतात. मग पिल्लू तोंडावरच्या इवल्या दाताने कवच चिरतं, नाकाड बाहेर काढतं आणि कधी कधी दिवसभर तसंच बसून राहतं. पाळणारा वाकून बघतो तो त्या नाकाडाचा रंग. अजून अंड्याबाहेरही न आलेल्या जिवाची किंमत तिथे ठरते. नऊ साध्यांपैकी बहुतेकांच्या पोटात कुठला ना कुठला गुण लपलेला असतो, म्हणून त्यांना ‘पॉसिबल हेट’ हे लेबल लावून विकायचा प्रयत्न होतो.

चाकणच्या कुठल्याही शॉपफ्लोअरवर रिजेक्शनचा आकडा रोज फळ्यावर लिहिला जातो, आणि बाद झालेला पार्ट शेवटी भंगारात जातो. कॉर्न स्नेक मात्र नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. दर आठवड्याला उंदीर, पेटीला ठरावीक ऊब, आजारी पडला तर सापाला हात लावणारा पशुवैद्य. एका पांढऱ्यासाठी जन्माला घातलेल्या पंधरांचं हे सगळं कोण करणार?

शिवाय दोष नेहमी नाकाडावर दिसतातच असं नाही. ‘सनकिस्ड’ नावाच्या वाणातून ‘स्टारगेझर’ हा मेंदूचा विकार पसरला. त्यात सापाला तोल सांभाळता येत नाही, मान उलटी वळत राहते. एकच सदोष प्रत असलेला साप ठणठणीत दिसतो. तसे दोन एकत्र आले की त्यांच्या पिल्लांत विकार उगवतो. बॉल पायथनच्या ‘स्पायडर’ वाणात डोकं डुलतं ते त्या नक्षीबरोबरच येतं. त्यामुळे ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटोलॉजिकल सोसायटीने २०१८ मध्ये आपल्या प्रदर्शनांत त्याची विक्री बंद केली. म्हणजे हौशी लोक स्वतःला आवर घालू शकतात. पण त्यासाठी कुणाचं पिल्लू कुणापासून झालं, याची नोंद लागते, आणि आडमार्गाने आलेल्या जनावराला वंशावळ नसते.

पिंजऱ्यातल्या पैदाशीमुळे जंगलावरचा ताण हलका होतो, हा हौशींचा मुद्दा कॉर्न स्नेकपुरता खरा आहे. सापाची भीती जाते हा दुसरा मुद्दा मला तितका पटत नाही. ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहिलेल्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं केलं. पुणे परिसरात सापाची भीती कमी करण्याचं काम त्यांनी आणि असंख्य सर्पमित्रांनी केलं, साप पकडून पुन्हा सोडून देण्यातून. त्यासाठी साप विकत घ्यावा लागला नाही.

पांढरा साप बाहेर सुटला तरी घारी-कावळे त्याला टिकू देणार नाहीत, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. ग्रॅन कॅनरिया बेटावर पाळीव कॅलिफोर्निया किंगस्नेक १९९८ पासून मोकाट आढळू लागले. त्यांत हौसेने तयार केलेले अल्बिनोही भरपूर होते. तिथल्या मोठ्या सरड्यांची संख्या त्यांनी कोसळवली. आपल्याकडे तसंच होईल असं नाही, पण ‘टिकणार नाही’ या भरवशावर धोरण उभं राहत नाही.

तळवड्याच्या किंवा मोशीच्या पार्किंगमध्ये उद्या नारिंगी साप निघाला, तर फोन सर्पमित्रालाच जाणार. घोणस असती तर वनखात्याला कळवून तिला तिच्या अधिवासात सोडता आलं असतं. कॉर्न स्नेकला इथे अधिवासच नाही. म्हणून यादी ठरवताना जात जगात किती दुर्मीळ आहे एवढंच न पाहता ती इथे किती अंडी घालते, हेही पाहायला हवं. परदेशी सापाची पैदास झाली की नोंद सक्तीची, मग तो ‘साइटिस’मध्ये असो वा नसो. आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या बहिणाबाई चौधरी प्राणिसंग्रहालयासारख्या, मुळात सर्पोद्यान असलेल्या जागी नकोसे झालेले साप काही न विचारता जमा करून घेणारी एक खिडकी असावी. तिचा खर्च पैदाशीच्या नोंदणी शुल्कातून वसूल करावा, आणि ते शुल्क स्नोच्या किमतीला झोंबेल इतकं असावं.