दारात बरी होणारी गाडी

कायमची बंद पडलेली गाडी सोपी असते. बटण दाबलं, काहीच झालं नाही, की बॅटरीपासून एकेक वायर तपासत जायचं. करंट कुठं अडलाय ते सापडतंच. अवघड ती, जी घाटात मान टाकते आणि गॅरेजच्या दारात आली की शहाण्यासारखी धडधडते. बदलापूरवरून बारवी धरण, मुरबाड, पुढं माळशेज अशा जड टूरिंग गाड्या घेऊन हिंडणारी पोरं वाढली, तशी ही तक्रारही वाढली. "काका, चढाला दम तोडते. मीटर विझतो नि परत पेटतो." आपण किल्ली फिरवावी तर सगळं ठीक.

इथं मिस्त्रीपुढं येणारा प्रश्न पान्याचा नाही, नीतीचा आहे. जे मला दिसत नाही, ते खरं मानायचं का?

मी काम शिकलो उल्हासनगरला. फाळणीनंतर सिंधी निर्वासित जिथं लष्कराच्या बराकींत आले, तो मुलूख. अजून लोक पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर अमुक' असंच म्हणतात. तिथं कुठलाही पार्ट मिळतो, अस्सल आणि 'सेम टू सेम' दोन्ही. म्हणून मोहही मोठा: बॅटरी बदल, रेग्युलेटर बदल, कॉइल बदल, कशानं तरी बरी होईल. आमचे उस्ताद म्हणायचे, "पार्ट टाकून गाडी सुधारली तर तू नशीबवान, मिस्त्री नव्हे."

अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला असणारा एक मुलगा असाच आला. दुसरीकडं बॅटरी नि रेग्युलेटर बदलून झाले होते, आणि शेवटी 'तुमचा वहीम आहे' हेही ऐकून झालं होतं. मीटर लावला. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, रेस दिल्यावर १४ च्या वर. सगळं चोख. मग मी त्याला बसवून विचारलं: किती वेळानं होतं? सामान किती असतं? वळण कुठलं? तो म्हणाला, तासाभरानं, डाव्या वळणाला. गाडी तापेपर्यंत चालवली, उभी केली, हँडल पार डावीकडं दाबलं, आणि मीटर विझला. हँडलच्या मानेपाशी किल्लीकडं जाणारी वायर आतून तुटलेली. वरचं प्लास्टिक शाबूत, आत तांब्याचे दोन-तीन धागे तग धरून.

वायर पन्नास रुपयांची नव्हती. शोधायला दीड दिवस गेला. मजुरी ऐकून तो म्हणाला, "एका वायरचे एवढे?" आधीच्या रेग्युलेटरला त्यानं मुकाट पैसे मोजले होते, कारण त्याचा डबा हातात घेता येत होता. शोधण्याचा डबा नसतो. गिऱ्हाईकच असं मोजत असेल, तर मिस्त्रीला लबाडी स्वस्त पडते, हेही मान्य केलं पाहिजे.

हे फक्त गाड्यांचं नाही. माझ्या आईला भातलावणीच्या दिवसांत भोवळ यायची. दवाखान्यात नेलं की नाडी बरोबर, प्रेशर बरोबर. घरातलेच म्हणू लागले, "कामाच्या वक्तालाच बरी हिला चक्कर येते!" तिनं सांगणंच सोडलं. पुढं एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, चक्कर येते तेव्हा तुम्ही काय करत असता?" ओणवं राहून उठताना, हे कळल्यावर त्यांनी तिला आडवी निजवलं, मग उभी केली, आणि दोन्ही वेळा प्रेशर मोजलं. उभी राहताच ते खाली उतरलं. दुखणं तेच होतं, फक्त इतके दिवस खुर्चीत बसवून शोधलं जात होतं.

म्हणून काय प्रत्येकाचं सगळंच खरं मानायचं? तसंही नाही. गिऱ्हाईक ठामपणे म्हणतं, 'करंटचाच लोचा आहे', आणि निघतं काय, तर टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं. पेट्रोल खाली उतरत नाही, झाकण उघडलं की गाडी पुन्हा चालू. कुणी स्वतः फॉगलाइट जोडलेले असतात, आणि ते सांगत नाही. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं. असं पाणी जोडणीत गेलं की गाडी सुकून चालू होते, हिरवा गंज मात्र आत सावकाश चढत राहतो. महिन्यांनी त्रास सुरू झाला की मालकाला पूर आठवतही नाही. माणसाला काय झालं ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. का झालं, ते मात्र त्यालाही ठाऊक असेलच असं नाही. पहिल्यावर विश्वास ठेवावा, दुसरं तपासावं.

आणि नाहीच सापडलं तर? मी वेळेची मजुरी आधीच ठरवून घेतो आणि बिलावर 'फॉल्ट नाही' असं लिहीत नाही. 'फॉल्ट दिसला नाही, रात्री घाटात नेऊ नये' असं लिहितो. काहींना ते पटत नाही, ते दुसरीकडं जातात. जाऊ देत. 'नाही' म्हणून मोकळं होता येतं, पण त्या शब्दावर विसंबून कुणीतरी माळशेज उतरणार असतो.