लॉर्डांना बसवतो कोण?

ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये सुधारणा कशी करावी, हा वाद शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. तिथे कोणी बसावे, यावर सगळे भांडत आले. जन्माने सरदार असलेल्यांनी, नेमलेल्या गुणीजनांनी, की लोकांनी निवडून दिलेल्यांनी? त्यांना तिथे बसवायचे कोणी, हा प्रश्न मात्र मागे पडत गेला आणि खरा गुंता तिथेच वाढला.

वादाला आजचे रूप आले 1909 साली. अर्थमंत्री डेव्हिड लॉइड जॉर्ज यांनी श्रीमंतांवर आणि जमीनमालकांवर कर वाढवणारे अंदाजपत्रक मांडले आणि लॉर्डांनी ते फेटाळले. 1910 मध्ये दोनदा सार्वत्रिक निवडणूक झाली. त्याच काळात पंतप्रधान ॲस्क्विथ यांनी, गरज पडल्यास हवे तितके नवे लॉर्ड नेमण्याचे आश्वासन राजाकडून मिळवले. त्या धाकापुढे सभागृह नमले. ऑगस्ट 1911 मध्ये 131 विरुद्ध 114 मतांनी लॉर्डांनी आपलेच अधिकार कापण्याला संमती दिली. अर्थविधेयक महिनाभर आणि बहुतेक इतर विधेयके दोन वर्षे, एवढेच त्यांना रोखता येऊ लागले. 1949 मध्ये दोन वर्षांचे एक वर्ष झाले. 1911 च्या कायद्याच्या प्रास्ताविकेत वंशपरंपरेऐवजी लोकमतावर आधारलेले सभागृह पुढे आणण्याचा मनोदय नोंदवलेला आहे. तो आजवर पुरा झालेला नाही.

लॉर्ड हरले ते नव्या नेमणुकांच्या धमकीपुढे, म्हणजे पंतप्रधानाच्या लेखणीपुढे. ती लेखणी पुढे कशी चालली, हे दाखवायला लॉइड जॉर्जच पुरेसे आहेत. लॉर्डांच्या मिरासदारीवर तुटून पडलेला हा नेता स्वतः पंतप्रधान झाला, तेव्हा पदव्यांचा बाजार मांडल्याच्या आरोपांनी 1922 मध्ये गदारोळ उठला. 1925 मध्ये पदव्यांच्या विक्रीविरुद्ध कायदा करावा लागला.

वंशपरंपरेच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जाई. ज्याला मते मागायची नाहीत, तो निर्भीडपणे देशाचे हित पाहतो. भारतीय वाचकाला हा युक्तिवाद तपासायला जुलै 1920 ची एक चर्चा पुरेल. जालियनवाला बागेत गोळीबार करणाऱ्या जनरल डायरला सरकारने दिलेली वागणूक अन्यायाची आहे, असा ठराव लॉर्ड्सनी 129 विरुद्ध 86 मतांनी मंजूर केला. लोकांनी निवडलेले कनिष्ठ सभागृह त्याच दिवसांत सरकारच्या बाजूने उभे राहिले होते. मतांची भीती नसली की माणूस निर्भीड होतो हे खरे, पण त्याच्या वर्गाचे पूर्वग्रहही तितकेच निर्भीड होतात.

सभागृहाचे स्वरूप खऱ्या अर्थाने बदलले 1958 मध्ये, तेही एका हुजूर पक्षाच्या पंतप्रधानाच्या हातून. हॅरॉल्ड मॅकमिलन यांच्या सरकारने तहहयात लॉर्ड नेमण्याची सोय केली आणि स्त्रियांना या सभागृहात प्रथमच जागा मिळाली. डॉक्टर, प्राध्यापक, कामगार पुढारी आत आले आणि मरगळलेल्या सभागृहात जीव आला. 1999 मध्ये टोनी ब्लेअर यांच्या सरकारने सहाशेहून अधिक वंशपरंपरागत लॉर्डांना बाहेर काढले. तडजोड म्हणून 92 ठेवले. 2024 मध्ये त्या उरलेल्या जागाही काढण्याचे विधेयक आले.

या नव्या सभागृहाने चांगली कामेही केली. संशयित दहशतवाद्यांना आरोपपत्राविना 42 दिवस डांबून ठेवण्याची तरतूद लॉर्ड्सनी 2008 मध्ये 309 विरुद्ध 118 मतांनी फेटाळली आणि सरकारला ती सोडावी लागली. 1920 च्या सभागृहाकडून अशी अपेक्षा करणे अवघडच होते.

मग निवडणूकच का घेऊ नये? 2012 मध्ये उपपंतप्रधान निक क्लेग यांनी तसा प्रयत्न केला. 450 सदस्य, त्यांतले 80 टक्के निवडलेले, प्रत्येकाला एकदाच 15 वर्षांची मुदत. कनिष्ठ सभागृहात दुसऱ्या वाचनाला 462 विरुद्ध 124 असे घवघवीत बहुमत मिळाले. तरीही हुजूर पक्षातल्या बंडामुळे ऑगस्टमध्ये विधेयक गुंडाळावे लागले. विरोधकांचा मुख्य आक्षेप साधा होता. निवडून आलेला लॉर्ड उद्या म्हणेल, मलाही लोकांनीच पाठवले आहे, मग मी का माघार घेऊ? आक्षेप खोटा नाही. दोन्ही सभागृहांचे अधिकार लिखित स्वरूपात ठरवल्याशिवाय निवडणूक घेणे म्हणजे भांडणाला निमंत्रण देणे.

पण निवडणूक टळली म्हणून प्रश्न सुटला नाही. जन्म हा योगायोग असतो, त्याला धनी नसतो. नेमणुकीला असतो. वंशपरंपरा जसजशी हटली, तसतसे त्या जागांचे दान पंतप्रधानाच्या पदरात पडत गेले. नेमणुकांची छाननी करणारा आयोग 2000 मध्ये स्थापन झाला, पण त्याचा शब्द केवळ सल्ल्याचा. 2020 मध्ये बोरिस जॉन्सन यांनी तो सल्ला बाजूला सारून आपल्या पक्षाच्या माजी खजिनदाराला लॉर्ड केले. सदस्यसंख्येला कायद्याने कमाल मर्यादाही नाही. सदस्य 600 वर आणावेत आणि मुदत 15 वर्षांची असावी, अशी शिफारस 2017 मध्ये सभागृहाच्याच समितीने केली. ती पंतप्रधानांच्या संयमावर विसंबून होती आणि संयम कायद्याची जागा घेऊ शकत नाही.

आपल्या घटनाकारांनी निदान मर्यादा घातली. राज्यसभेच्या कमाल 250 जागांपैकी राष्ट्रपतींनी नेमायच्या जागा फक्त 12 आहेत. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत 78 पैकी 12 सदस्य राज्यपाल नेमतात. त्या 12 नावांची यादी 2020 मध्ये राजभवनात दीर्घकाळ अडकली, तेव्हा नेमणारा हात कोणाचा, हा प्रश्न मोजक्या जागांपुरताही किती तापतो हे आपण पाहिले. ब्रिटनमध्ये जवळजवळ अख्खे सभागृह त्याच हातात आहे.

म्हणून तिथल्या सुधारणेचा क्रम उलटा करायला हवा. आधी सदस्यसंख्येला कायद्याची मर्यादा, मग ठरावीक मुदत, मग नेमणूक आयोगाचा शब्द पंतप्रधानावर बंधनकारक. निवडणुकीचा वाद त्यानंतर खुशाल घालावा. सरकारवर लक्ष ठेवणारे सभागृह सरकारच्या प्रमुखाने निवडावे, ही व्यवस्था लोकशाहीत वंशपरंपरेइतकीच असमर्थनीय आहे.