थंडीतल्या नितळ पाण्यासाठी

शेंडी, ता. अकोले
डिसेंबरचा पहिला आठवडा

चि. बाळ यास,


फोनवर पाठवलेला तुझ्या डब्याचा फोटो नीट बघितला. गुलाबी, पोपटी, चमकी भरलेले रबरी मासे, वीतभर लांब गांडुळं, दोन बेडूक. हौसेनं घेतलेस, पैसेही बरेच गेले असतील. पण नाताळच्या सुट्टीत भंडारदऱ्याला येताना यातलं बहुतेक घरीच ठेव. का, ते सविस्तर लिहितो, कारण फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतोस आणि विसरतोस.

ही आमिषं मुळात अमेरिकेतल्या बास माशासाठी निघाली. निक क्रीम नावाच्या माणसानं 1949 साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावात प्लास्टिकचं गांडूळ ओतलं, तिथून हा पसारा वाढला. इथल्या प्रवरा नदीत बास नाही. आपल्याला मरळ मिळेल, फार तर एखादी चिलापी. पण गार, नितळ तळ्यांवर बास धरणारे लोक जे शिकले ते आपल्या थंडीतल्या मरळीलाही लागू पडतं, हा माझा अनुभव आहे.

तू जलाशय बघितलास तो ऑगस्टमध्ये. तेव्हा रतनगडाकडून येणारं पाणी लाल गढूळ असतं. मासा त्यात डोळ्यांपेक्षा अंगाला जाणवणाऱ्या थरथरीवर शिकार करतो, म्हणून फडफडणारी शेपटी आणि भडक रंग तिथं चालतात. आता तो गाळ खाली बसलाय. काठावरून दगड न् दगड दिसतो. मरळ आमिषाजवळ येते, थांबते, निरखते. त्यात पाणी गार. माशाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. पाणी निवलं की त्याचं पचन मंदावतं, भूक कमी होते आणि पळत्याच्या मागे लागण्याची उमेद राहत नाही. अशा माशापुढं दर वावाला शेपटी आपटणारं रबर फिरवलंस तर तो बाजूला सरकतो. त्याला असं काही हवं की जे लहान आहे, जवळ आहे आणि जवळजवळ निपचित आहे.

म्हणून अडीच ते तीन इंचांचं, सरळ शेपटीचं, साध्या काडीसारखं आमिष निवड. दुकानात ते हातात घेतलंस तर काहीच करत नाही असं वाटेल. तेच घे. रंग असा हवा की उन्हात धरलं तर थोडा उजेड आरपार यावा: धुरकट, फिकट तपकिरी, शेवाळी. इथल्या काठच्या दगडांखाली झिंगे असतात. एक पकडून तळहातावर ठेव आणि त्याच्या शेजारी आमिष ठेवून बघ. याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही. लाल रंगाच्या नादी लागू नकोस, पाण्यात लाल सगळ्यांत आधी विरतो आणि खोलवर तो नुसता काळपट दिसतो.

आता मऊपणाचं. हे रबर गारठ्यात कडक होतं, आणि हा गुण पाकिटावर दिसत नाही. आल्या आल्या एक काम करू. सकाळी तांब्याभर पाणी जलाशयातून आणू, त्यात तुझी दोन-तीन आमिषं अर्धा तास ठेवू आणि मग चिमटीत धरून टोक हलवून बघू. एखादं वातीसारखं लुळं राहील, एखादं ओल्या चामड्यासारखं ताठ होईल. लुळं ते गळाला, ताठ ते डब्यात. पाकिटात दबून वाकलेलं असेल तर चहाच्या आधणात क्षणभर बुडवून सरळ करून घे. वाकडं आमिष पाण्यात गिरक्या घेतं आणि नितळ पाण्यात ते लगेच उघडं पडतं. दोन जातींची रबरं मात्र एका कप्प्यात ठेवू नकोस. मी ताणली जाणारी नव्या जातीची काडी साध्या रबराबरोबर ठेवली होती. उन्हाळाभरात दोन्ही विरघळून एकच चिकट गोळा झाला, डबाही वाया गेला.

शिसं दोन-अडीच ग्रॅमपेक्षा जड नको. जड गळ दगडासारखा खाली जातो. हलका उतरत उतरत जातो, आणि मासा बहुधा त्या उतरण्यातच धरतो. मिठाचा अंश असलेलं आमिष थोडं वजनदार असतं, ते शिशाशिवायही बुडतं. पण हलकं म्हणून बारीक तारेचा गळ घेऊ नकोस. मरळीचं तोंड हाडाचं असतं, बारीक तार तिथं सरळ होते. गळाचं टोक आमिषाच्या अंगात लपव, नाहीतर तळाच्या बुडीत खोडांत अडकेल. शेवटचा वावभर धागा तंगुसाऐवजी फ्लुरोकार्बनचा बांध. तो प्रकाश जवळजवळ पाण्याइतकाच वाकवतो, म्हणून कमी दिसतो.

टाकल्यावर हात आवर. तळाला टेकू दे, मनात वीसपर्यंत मोज, दोन बोटं ओढ, पुन्हा थांब. तुझ्या वयाला हे अवघड आहे, पण थंडीत सगळं यश त्या थांबण्यात आहे. बसायचंही काठापासून मागे, खाली वाकून; तुला मरळ दिसते तसा तिलाही तू दिसतोस. आणि नितळ पाण्याच्या खोलीवर विश्वास ठेवू नकोस. चार फूट खोल जागा वरून तीन फुटांची दिसते.  धरणातून पाटाचं आवर्तन सुटलं की पाणी उतरतं आणि काल पाण्याखाली असलेली कड आज चिखलाची असते. गुडघ्याच्या वर पाण्यात उतरायचं नाही.

बेडूक उन्हाळ्यानंतर काढू. मात्र पावसाच्या तोंडावर मरळ आपल्या पिल्लांचा घोळका राखत फिरते, तेव्हा तिच्या अंगावर काहीही टाकायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. आई गेली की पिल्लं खाल्ली जातात.

तुटलेला रबराचा तुकडा पाण्यात सोडू नकोस. तो कुजत नाही. माशानं गिळला तर पोटात राहतो. खिशात एक रिकामी पिशवी ठेव. मासेमारीची परवानगी कुणाकडून घ्यायची ते मी इथल्या मच्छीमार सोसायटीत विचारून ठेवतो, त्यांच्या जाळ्यांच्या आसपास गळ टाकायचा नाही.

पहाटे उठायची घाई करू नकोस. थंडीत मरळ ऊन चढल्यावर उथळात येते, हवेचा घोट घ्यायला तोंड वर काढते, त्याचं वर्तुळ काठावरून दिसतं. दहाच्या सुमारास निघू. येताना कानटोपी आण, आणि ते धुरकट रंगाचं पाकीट.

तुझा,
मामा