जोहार आणि प्रतिनमस्कार

मिस्साबलिदानात शांतीचे अभिवादन करताना आपण शेजाऱ्याकडे वळून हात जोडतो. १९६९ साली रोमने भारतातील उपासनेसाठी बारा सूत्रे मान्य केली, त्यांतून ही अंजली आपल्या उपासनेत आली. 'नमस्कार' हा शब्द 'नम्' म्हणजे वाकणे या धातूपासून झाला आहे. प्रश्न इतकाच की, वाकावे कोणी?

जुन्या समाजाने याचे उत्तर कठोरपणे दिले. अभिवादनाला प्रत्युत्तर देताना अखेरचा स्वर लांबवावा, असे पाणिनीचे सूत्र सांगते. मात्र शूद्राला उत्तर देताना तो लांबवावयाचा नाही. आदराची ती वाढीव मात्राही त्याच्या वाट्यास येऊ नये!

आपल्या जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या संत चोखामेळ्यांचे 'जोहार' प्रसिद्ध आहेत. जोहार म्हणजे महाराने गावातील वरिष्ठांना करावयाचे वंदन. त्याला उलट जोहार नसे. चोखोबांनी तो शब्द धन्याच्या उंबऱ्यावरून उचलून विठ्ठलाच्या चरणी ठेवला. तरीही गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून १३३८ मध्ये त्यांचा अंत झाला, आणि त्यांची समाधी पंढरपुरास महाद्वाराबाहेरच आहे. विसाव्या शतकात त्यांच्या समाजाने जोहार टाकला आणि 'जय भीम' स्वीकारला. हे अभिवादन ताठ मानेने करावयाचे आणि तसेच परत घ्यावयाचे.

परंतु झारखंडातील आदिवासी बांधव आजही परस्परांना अभिमानाने 'जोहार' म्हणतात. तेव्हा अपमान शब्दात नव्हता; तो वंदनाच्या एकतर्फीपणात होता.

शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशू शिष्यांचे पाय धुण्यासाठी वाकला. ज्याला वंदन करावयाचे तोच वाकला, तेव्हा वाकण्यातील दास्य सरले आणि प्रेम उरले.

हे मी वेदीवरून अनेकदा सांगितले आहे. एका रविवारी चर्च झाडणाऱ्या मावशींनी मला दारात हात जोडले. माझ्या हातांत कागद होते. मी नुसती मान हलवली. पाठोपाठ एक प्रतिष्ठित पाहुणे आले. तेव्हा मात्र मी कागद बाकावर ठेवले आणि दोन्ही हात जोडले. मावशी तेथेच उभ्या होत्या.

शांतीचे अभिवादन चर्चच्या दारापाशी संपत नाही. आपल्याला हात जोडणाऱ्या प्रत्येकासाठी आपले हात मोकळे असतात का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. मी रोज विचारतो.