सात हालीचे सहा कलदार

परीक्षा कठीण असते याबद्दल माझी तक्रार नाही. कठीण नसेल तर ती परीक्षा कसली, सत्कार समारंभच म्हणायचा! पण निम्मा अभ्यास उरकल्यावर परीक्षेनंच कूस बदलली, की माणसाची जी गत होते तिला आमच्या नांदेडात ‘पॅटर्न बदलला’ एवढंच म्हणतात. ‘पॅटर्न’ हा शब्द इंग्रजी आहे असं मराठवाड्यात कुणाला सांगून पाहा. शेजारच्या लातूरनं तो इतका रुळवला आहे की आमच्याकडे तो बाराखडीनंतर लगेच शिकवत असावेत.

माझ्या बहिणीच्या घरात हे दोन शब्द २०२३ साली शिरले. तिची दोन्ही मुलं सीए व्हायला निघालेली. मेहुण्यांची नव्या मोंढ्यात आडत आहे. जन्मभर दुसऱ्याच्या सीएपुढे वह्या घेऊन बसल्यामुळे, आपल्या घरातच एक सीए असावा आणि तो आजारी पडला तर एक जादा असावा, असा त्यांचा व्यापारी हिशेब.

थोरला भाचा इंटरचे आठ पेपर देऊन मे २०२३ मध्ये आर्टिकलशिपला लागला. मुदत तीन वर्षं. आणि १ जुलै २०२३ पासून नवी योजना आली. त्या दिवसापासून जो आर्टिकलशिपला लागेल त्याला दोनच वर्षं. आधी लागलेल्यानं मात्र तीन पुरी करायची. पुढे मे २०२४ च्या परीक्षेपासून इंटरचे आणि फायनलचे पेपरही आठाचे सहा झाले. धाकट्या भाचीनं ते सहा दिले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तीही आर्टिकलशिपला लागली. आता हिशेब करा. भाऊ निघाला पंधरा महिने आधी, आणि मुक्कामी दोघांत अंतर उरलं तीन महिन्यांचं!

झालं. भाच्यानं बहिणीला शिकवणं बंद केलं. तिला कॉस्टिंगचं गणित अडलं तर म्हणाला, “तुमचा सिलॅबस वेगळा.” दोघं एका ताटलीत पोहे खाणारी भावंडं, आता त्यांच्या डायनिंग टेबलावर जुन्या योजनेची आणि नव्या योजनेची अशा दोन बाजू पडल्या. शेवटी खटला माझ्याकडे आला. निवृत्तीनंतर माझ्याकडे न्यायदानाचं काम बरंच येतं, कारण मी फी घेत नाही.

“मामा, तुम्हीच सांगा, हा न्याय हाय का? मी तीन वर्षं फायली उचलायलोय, अन् हिला दोन वर्षांत मोकळीक!”

हा युक्तिवाद मी पूर्वी ऐकलेला होता. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा आमच्या आजीनं अगदी हेच विचारलं होतं. “मी पहाटे चारला उठून जातं ओढलं, मग सुनांना गिरणी कशाला?” आजी दुष्ट नव्हती. तिचा हिशेब एवढाच, की आपण सोसलं ते कुठंतरी जमेला धरलं जावं. आणि ते धरायचं तर पुढच्यांनीही सोसलं पाहिजे. नाहीतर आपलं सोसणं फुकटच गेलं की! सासुरवास पिढ्यान् पिढ्या चालला तो या हिशेबावर.

पण म्हणून भाच्याला मत्सरी ठरवून मोकळं होणंही बरोबर नाही. पॅटर्न बदलला की खरा अन्यायसुद्धा होतो, आणि तो आमच्या भागानं पाहिलेला आहे. २०१६ साली इथली मुलं राज्याच्या वैद्यकीय सीईटीसाठी वर्षभर घासत होती. अभ्यासक्रम बारावीचा, चुकलेल्या उत्तराला गुण कापणं नाही. परीक्षा ५ मे रोजी. आणि २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, की याच वर्षापासून ‘नीट’. म्हणजे अकरावीही अभ्यासात आली, आणि चुकलं की गुण जाणार. नीटचा पहिला टप्पा तर तीनच दिवसांवर, १ मे रोजी! पुढे २४ मे रोजी अध्यादेश निघाला आणि राज्यांच्या जागांपुरती त्या वर्षी सवलत मिळाली. पण मधले ते दिवस इथल्या घराघरांतून कसे गेले असतील ते काय सांगावं!

आता भाच्याची तक्रार आणि त्या मुलांची तक्रार, ऐकायला दोन्ही सारख्याच. ‘पॅटर्न बदलला.’ मग खरी कुठली? मी एक साधी कसोटी लावतो. समोरच्यालाही तेवढाच त्रास दिला तर तक्रार मिटते का? भाचीला तीन वर्षं राबवलं तर भाच्याचं वर्ष काही परत मिळत नाही, पण त्याची तक्रार मिटते. त्या मुलांचं तसं नव्हतं. साऱ्या देशाला रडवलं असतं तरी त्यांचं दुःख तसंच राहिलं असतं, कारण त्यांना दुसऱ्याचं सुख सलत नव्हतं. त्यांना दिलेला शब्द आयत्या वेळी फिरला होता. पहिलीला समजूत घालणं हा उपाय. दुसरीला न्यायच द्यावा लागतो.

न्यायानं बदल करता येत नाही असं मात्र नाही. १९७२ साली वास्तुविशारदांचा कायदा झाला आणि नाव नोंदवल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवणं बंद झालं. पण पदवी नसताना निदान पाच वर्षं हेच काम करत आलेल्यांना पहिल्या नोंदणीत येण्याची वाट त्या कायद्यानं ठेवली. ‘काल तुम्ही बांधलेली घरं आजपासून घरं नाहीत’, असं कुणी म्हटलं नाही.

त्याहून जवळचा दाखला आमच्या घरातला. निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं. वडिलांचं शिक्षण उर्दूतून झालेलं, आणि खिशात हाली सिक्का. राज्य एका दिवसात गेलं, पण खिशातला रुपया एका दिवसात खोटा ठरला नाही. सात हालीचे सहा कलदार असा दर ठरला, आणि हाली चलनातून पुरता जायला १९५९ उजाडलं. वडील म्हणायचे, “एक रुपया गेला, पण सांगून गेला.” बदलाकडून माणसानं याहून जास्त काय मागावं?

सीएच्या नव्या योजनेतही जुन्या पेपरांत मिळालेली सूट नव्यांत धरायची सोय होतीच. म्हणजे दर ठरलेला होता. उरला तो जूनअखेरचा आणि जुलैच्या पहिल्या तारखेचा फरक. रेघ कुठंतरी मारावी लागते, आणि जिथं मारू तिथं अलीकडे कुणीतरी उभा असतोच. अशा माणसाची कीव करू नये, त्याला उपदेशही करू नये. त्याला चहा पाजावा. मी पाजला.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. संध्याकाळी बहिणीचा फोन आला, की कॉस्टिंगचं गणित सुटलं. दादानंच सोडवून दिलं म्हणे. मी आपल्या तत्त्वज्ञानावर खूश होतो, तेवढ्यात भाच्यानं फोन घेतला.

“मामा, तुमचं समदं पटलं. पण उद्या ही माझ्याआधी सीए झाली, अन् बाबांच्या ताळेबंदावर हिनंच सही ठोकली तर?”

त्याचा दर अजून ठरायचाय, असं मी त्याला सांगितलं.