टाकीच्या आतला पत्रा

आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून १९७२ पासून चेतक स्कूटर रस्त्यावर येऊ लागली. त्या काळी ती नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून मिळायची. २००९ च्या अखेरीस कंपनीने स्कूटर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, तरी चिंचवड-भोसरीतल्या कितीतरी घरांनी आपली चेतक मोडीत काढलेली नाही. अशा गाडीला रंग मिळतो, नवं सीट मिळतं. सीटखालच्या टाकीत मात्र कुणी डोकावत नाही. गाडी पुन्हा सुरू करायला घेतली की कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये विटकरी गाळ सापडतो. तो साफ केला तरी आठवडाभरात परत येतो, कारण तो वरून वाहत आलेला असतो.

टाकी श्वास घेते. झाकणाच्या बारीक छिद्रातून दिवसा तापलेली हवा बाहेर पडते आणि रात्री गार, ओलसर हवा आत शिरते. अर्धवट रिकाम्या टाकीत पत्र्यावर दव धरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाच्या सांध्यात जाऊन बसतं. मावळाकडून येणारा चार महिन्यांचा पावसाळा हे काम विनातक्रार करतो. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-स्ट्रोक ऑइल पत्र्यावर पातळ थर धरून थोडं संरक्षण देई. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि पाणी फार झालं की त्याच्यासकट वेगळं होऊन तळाशी उतरतं.

पण पाऊस आणि इथेनॉल ही निमित्तं झाली. मूळ कारण लोखंडातच आहे. गडचिरोलीतल्या सुरजागडच्या डोंगरात लोखंड आहे ते ऑक्सिजनशी जोडलेलं, लालसर दगडाच्या रूपात. दीड हजार अंश सेल्सियसच्या आसपासची धग देऊन आपण त्याला त्या जोडीतून सोडवतो आणि पत्रा करतो. गंज चढतो तेव्हा लोखंड आपल्या जुन्या अवस्थेकडे परत निघालेलं असतं. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड घट्ट बसून खालच्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज मात्र फुगतो, सुटतो आणि खालचा पत्रा पुन्हा उघडा पाडतो.

तरीही दिल्लीतला मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं उघड्यावर टिकून आहे. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचं रहस्य उलगडलं. जुन्या भट्टीच्या पद्धतीमुळे त्या लोखंडात फॉस्फरस जास्त राहिला आणि त्यातून पृष्ठभागावर फॉस्फेटचा राखणारा थर तयार झाला. टाकीतला गंज काढायला आज फॉस्फोरिक ॲसिड वापरतात, तेव्हा गंजाचं करडं-काळं लोह-फॉस्फेट होतं. गुप्तकाळातल्या लोहाराला नकळत साधलेली गोष्ट इथे हेतुपूर्वक केली जाते.

काम सावकाशीचं आहे. चेतकच्या पेट्रोल कॉकचा नट टाकीच्या आत असतो. टाकीच्या तोंडातून लांब पाना घालून, दिसत नसताना, हाताच्या अंदाजाने तो सोडवावा लागतो. मग सोड्याच्या गरम पाण्याने आतलं तेल धुवायचं. नटबोल्ट किंवा जुन्या चेनचे तुकडे टाकून टाकी सगळ्या बाजूंनी हलवायची. आवाज भरड असतो तोवर खपल्या निघत असतात. त्यानंतर ॲसिड, मग स्वच्छ पाणी, आणि लगेच गरम हवा. इथे रेंगाळलं तर उघडा पडलेला ओला पत्रा डोळ्यांदेखत नारिंगी होऊ लागतो. भोक दिसलं म्हणून थेट वेल्डिंगला बसणं तर जिवावरचं आहे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून धोक्याची असते. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के पेट्रोलची वाफ असली की एक ठिणगी पुरते.

लायनिंग सगळ्यांत शेवटी. इपॉक्सीत हार्डनर मिसळून ते टाकीत ओतायचं, टाकी हळूहळू फिरवत प्रत्येक सांध्यापर्यंत पोचवायचं, उरलेलं काढून घ्यायचं आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. कल्हईवालाही आधी भांडं घासून उजळ करतो, तापवतो, नवसागर टाकतो आणि मगच कथील फिरवतो. मळावर कल्हई धरत नाही. तेलकट किंवा खपलीदार पत्र्यावर चढवलेलं लायनिंग पुढे साप कात टाकावा तसं सुटतं आणि त्याचे पापुद्रे कॉक तुंबवतात. असं आवरण नसलेलं बरं, कारण ते रोग लपवतं आणि वर स्वतःचा एक रोग जोडतं.

दुरुस्तीचा विचार करताना मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. तिचा कस लागतो तो न दिसणाऱ्या जागी, आणि थर चढवण्याआधी. शरीर असो, संस्था असो की नातं, वरून नीटनेटकं करायची घाई आपल्याला नेहमीच असते. घासण्याचा वेळ कुणी मोजत नाही, पण टिकाऊपणा येतो तो त्या वेळातूनच.

चाकणच्या असेंब्ली लाइनवर एकामागून एक येणाऱ्या टाक्या सारख्याच असतात. तिथलं ज्ञान शेकडो हातांत वाटलेलं आहे आणि ते थोर आहे. दुरुस्ती करणाऱ्यासमोर येणारी प्रत्येक टाकी वेगळी: ती किती पावसाळे उभी होती, कोणत्या सांध्यात पाणी साचलं, आधी कुणी काय थापलं, हे सगळं एकाच माणसाला वाचावं लागतं. आकुर्डीत २०२२ पासून विजेवरची चेतक बनते आहे. तिला टाकीच नाही. पण म्हणून काही हे कसब कालबाह्य ठरत नाही. बिघाडाचं कारण शोधायचं, मुळापर्यंत साफ करायचं आणि मगच झाकायचं, हा क्रम बॅटरीलाही लागू आहे. या पट्ट्यातल्या आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलामुलींना घडवण्याइतकाच सांभाळण्याचाही अभिमान वाटावा, एवढा मान आपण दुरुस्तीला द्यायला हवा. आणि ज्यांच्या दारात जुनी चेतक आहे त्यांनी लायनिंगनंतरही पावसाळ्याआधी टाकी भरून ठेवावी. लोखंडाशी केलेला हा करार दरवर्षी पाळावा लागतो.