पानगळ आणि मागची खुर्ची



माघ सरत आला. सुरंगीतून खानवेलच्या बाजूला निघालं की रस्त्याकडेचे साग उघडे पडलेले दिसतात. पावसाळ्यात सुपाएवढी पानं मिरवणारं झाड आता नुसत्या काठ्या. आणि त्याच रानात पळस मात्र पानं नसताना केशरी पेटलेला! नाशिकहून आम्ही इकडे आलो त्याला २६ वर्षं झाली, पण दरवर्षी हे बघताना मी गाडी हळू घ्यायला लावतेच.

यंदा मात्र सागाकडे बघून मन जरा खट्टू झालं. कारण सांगते.

आपल्या गुरुवारच्या सत्संगात गेली १८ वर्षं खिचडीचा प्रसाद माझ्याकडे होता. ८० माणसांचं पातेलं मी एकटी उतरवायची आणि त्याचा मला फार अभिमान. मागच्या पावसाळ्यात गुडघे बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले, खाली बसू नका, जड उचलू नका. मी ऐकलं नाही. मागे भिंतीशी खुर्च्यांची जी रांग असते ना, तिला मी मनात "म्हातारी रांग" म्हणायची. तिथे मी कशाला बसू? हट्टाने मांडी घातली, आणि आरतीला उठताच येईना. दोघींनी काखेत हात घालून उठवलं.

पण खरं दुखलं ते पुढे. त्या दिवशी खिचडी सुनेने केली होती, आणि ती छान झाली होती. खरं सांगू का, ती बिघडली असती तर मला बरं वाटलं असतं! एवढी वर्षं सेवा सेवा म्हणत होते, त्यात सेवा किती आणि "माझ्याशिवाय अडतं" याची गोडी किती, हा प्रश्न त्या रात्री झोपू देईना.

ग्रुपवर "वय हा फक्त आकडा आहे" असे मेसेज येतात. पाठवणाऱ्यांनी रागावू नका, पण मला ते पटत नाहीत. गुडघ्याला आकडे कळत नाहीत. दुखतं ते दुखतंच, त्यावर हसरा मुखवटा चढवणं म्हणजे स्वीकारणं नव्हे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी बालपण, तारुण्य आणि म्हातारपण एकाच रांगेत बसवलेत. मागची वेगळी रांग मीच मांडली होती.

सागाचंही तसंच आहे. कोरड्या दिवसांत मुळांना पाणी पुरत नाही, आणि एवढ्या मोठ्या पानांतून ते उडून जातं. म्हणून झाड पानं सोडतं. धरून ठेवली तर झाडच वाळेल. मी हे मोठ्या उत्साहाने घरात सांगितलं, तर मुलगा म्हणाला, "आई, सागाला जूनमध्ये पालवी असते. तुझ्या गुडघ्यांना येणार आहे का?"

यावर मला बोलता आलं नाही. ऋतू फिरून येतात, वय येत नाही. या बाबतीत ऋतूंची उपमा लंगडीच, माझ्यासारखी.

मग एकदा गावातल्या एक वारली आजी डोक्यावर पाचोळ्याचा भारा घेऊन जाताना दिसल्या. राबासाठी. आपल्यातल्या शहरी मंडळींसाठी सांगते, भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, पाचोळा, फांद्या पसरतात, वर माती टाकतात आणि उन्हाळ्यात भाजतात. तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं, पाऊस पडला की तिथेच भात पेरतात. म्हणजे गळलेलं पान पुन्हा झाडावर जात नाही हे खरंच, पण त्याच्यावर रोप उभं राहतं. मुलाला हे सांगितलं. तो "हं" म्हणाला. त्याच्याकडून एवढं पुष्कळ!

सोडायचं कसं, हे मात्र मला वाग्भटांकडे सापडलं. अष्टांगहृदयात ऋतुसंधी सांगितली आहे. जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे ७ दिवस आणि येणाऱ्याचे पहिले ७. या काळात जुनं खाणंपिणं हळूहळू सोडायचं, नवं हळूहळू धरायचं. एकदम बदललं तर आजार होतो. मी एका गुरुवारी सगळं हातातून गेल्यासारखी रुसून बसले होते, तोच माझा आजार.

मग मी माझी ऋतुसंधी जरा लांबवली, १४ दिवसांची सहा महिने. आधी पातेलं उचलणं सोडलं, फोडणी माझ्याकडे ठेवली. दिवाळीनंतर फोडणीही दिली. आता मी खुर्चीत बसून मटार सोलते, आणि शेजारी बसणाऱ्या दोन काकूंशी माझी या वयात नव्याने मैत्री झाली आहे. त्या इतक्या विनोदी आहेत हे १८ वर्षं मला माहीतच नव्हतं, मी सारखी स्वयंपाकघरात!

सुनेच्या हाताला मीठ थोडं कमी पडतं असं मला अजून वाटतं. दर गुरुवारी जिभेवर येतं. गेल्या गुरुवारी बोलले नाही. त्याच्या आधीच्या गुरुवारी बोलले होते.